येळवसच्या रात्री ताऱ्यांचा फोटो

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे मी गेली सव्वीस वर्षं पगार घेऊन सांगत आलो आहे.

अंबाजोगाईच्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो. नववीचा तो धडा आला की टेबलावर पृथ्वीगोल ठेवायचा, टिचकी मारून फिरवायचा, "अशी फिरते" म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं, ही माझी पद्धत. सव्वीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. यंदा अश्विनीने घेतली. अश्विनी म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी. तिला सांगितलेलं पटत नाही, दाखवलेलं पटतं (अशी मुलं वर्गात एक असली तर वर्ग सुधारतो, दोन असली तर शिक्षकाने बदली मागून घ्यावी). तिने हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "सर, पृथ्वी फिरते हे तुम्ही स्वतः बघितलंय का?"

खरं उत्तर "नाही" असं होतं. पण सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. मी म्हणालो, "बघितलंय म्हणजे काय? फोटो आहे माझ्याकडे. मी स्वतः काढलेला. सोमवारी आणतो."

फोटो माझ्याकडे नव्हता. तसा फोटो असतो, एवढं फक्त माहीत होतं. पुण्यात नोकरी करणारी आमची केतकी दिवाळीत आली तेव्हा आपला जुना कॅमेरा आणि त्याचा तीन पायांचा स्टँड मला देऊन गेली होती आणि ताऱ्यांचे फोटो कसे काढतात तेही सांगून गेली होती. कॅमेरा ध्रुवाकडे तोंड करून ठेवायचा. तो अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा एक असे दोन तास आपोआप फोटो काढत राहतो. मग लॅपटॉपवर सगळे फोटो एकावर एक रचले, की ध्रुव जागच्या जागी आणि बाकीचे सगळे तारे त्याच्याभोवती गोल गोल रेघा काढताना दिसतात. रेघा ताऱ्यांच्या दिसतात, फिरलेली असते पृथ्वी. अट एकच. दोन तास पूर्ण अंधार पाहिजे, कारण कुठेही क्षणभर उजेड चमकला तरी तो शेवटच्या फोटोत उमटणारच.

मी घरी आलो, मोबाइलवर चंद्र पाहिला आणि मला आनंदाचं भरतं आलं. शनिवारी अमावस्या! महिन्यातली सगळ्यात काळीकुट्ट रात्र आणि तीही सोमवारच्या आधी. बायकोला म्हणालो, "अलका, शनिवारी रात्री युसूफ वडगावला आपल्या शेतात जातो. तिथे चिटपाखरू नसतं."

अलका भाकरी थापत होती. ती थापता थापताच म्हणाली, "अहो, शनिवारी येळवस आहे."

आता हे बीड-लातूरकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही आणि शेतात पाय ठेवायला जागा नसते. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडायचे, भाज्या-दाण्यांची भज्जी, ताकातलं आंबील, बाजरीचे उंडे आणि खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. अंधार पडल्यावर नव्या मडक्यात दूध उतू घालायचं आणि मग कडब्याची पेंढी पेटवून ती पिकाभोवती पळत फिरवायची. वर्षभरात आमच्या तालुक्यातल्या शेतांत सगळ्यात जास्त माणसं आणि सगळ्यात जास्त जाळ ज्या एका रात्री असतो, ती रात्र मी अंधारासाठी निवडली होती. बरं, जन्मल्यापासून मी एकही येळवस चुकवलेली नाही. पण मोबाइलवरची अमावस्या आणि भज्जीची अमावस्या एकच असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढची अमावस्या महिन्याने. अश्विनी सोमवारी. म्हणून ठरवलं, की दिवस मावळला की सगळ्यांना समजावून सांगायचं. आपलीच माणसं, आपलंच शेत. दोन तासांचा तर प्रश्न!

शनिवारी दुपारी भज्जीवर आडवा हात मारल्यावर मी विषय काढला. ऐकायला आमचे वडील अण्णा होते, शेती बघणारा धाकटा भाऊ बापू होता, त्याची बायको होती आणि अलका होती. पृथ्वी, अक्ष, ध्रुव, सगळं मी बोरूच्या काडीने मातीत आकृती काढून सांगितलं. सोमवारी माझी इज्जत पणाला लागली आहे, हेही न लपवता सांगितलं. अण्णांचं वय एकोणऐंशी. ते मला मास्तर म्हणतात, आणि त्या शब्दात आदर किती नि चेष्टा किती, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी एकच शंका काढली, की त्या मुलीला शेतात आणून रात्रभर वर बघत बसवलं असतं तर कॅमेरा कशाला लागला असता? शेवटी तह असा झाला की अंधार पडताच आधी दूध, मग पेंढी, हे उरकायचं. साताला कॅमेरा चालू. नवाला तो बंद करून सगळ्यांनी बापूच्या ट्रॅक्टरमधून गावात जायचं.

विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा एक ढीग आमच्या शेताच्या दक्षिणेला आहे. त्याच्यावर मी स्टँड रोवला. समोर दोन एकर हरभरा, हरभऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात खोप, पलीकडच्या बांधावर मोटारीचं पत्र्याचं शेड आणि त्याच्या वर उत्तरेचं आभाळ. आपल्या भागात ध्रुव फार वर नसतो, हात लांब केला तर वीतभर उंचीवर. त्यामुळे ध्रुव घ्यायचा तर खालचं शेतही फोटोत येणारच होतं. मी मोबाइल आडवा-उभा धरून ध्रुव शोधत होतो आणि मोबाइल मला कधी विहीर, कधी किसनआबांचं शेत दाखवत होता. अण्णा काठी टेकत आले, काठीच शेडच्या वर रोखून म्हणाले, "त्यो काय तिथं. म्या जलमल्यापून तिथंच हाय."

मी कॅमेरा तिकडे वळवला. बापूची बायको मागोमाग हळदीकुंकू घेऊन आली, कारण नवी वस्तू पहिल्यांदा शेतात आली होती. तिचा हात भिंगाकडे जाताना पाहून मी मध्ये आडवा पडलो, तेव्हा तिने स्टँडच्या तिन्ही पायांना बोटं ओढली आणि एक माझ्या कपाळाला. त्याच कपाळावर बापूने आपली रात्री पाणी धरतानाची बॅटरी पट्ट्याने आवळून बांधली. बांधावर विंचूकाटा असतो, आणि यंदा बिबट्याचंही बोलतात लोक. असा मी सज्ज झालो.

सात वाजले. दूध उतू जाईना.

चूल नवी, लाकडं ओली. अण्णा फुंकणीने फुंकत होते आणि धुराने सगळ्यांचे डोळे गळत होते. सव्वासात झाले तशी माझी तगमग सुरू झाली. उशीर झाला तर दोन तास भरणार नाहीत आणि रेघा अर्धवट निघतील. मी अलकाला हळूच सांगितलं की चूल खोपीच्या आड आहे, उजेड दिसत नाही, मी आपलं चालू करतो. पेंढीचं काय ते नंतर बघू. आणि ढिगावर जाऊन बटण दाबलं. कॅमेऱ्याने कट् असा आवाज केला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा कट्. वर तारे असे लखलखत होते, की माझा मलाच अभिमान वाटला. जणू ते आकाशातले नव्हेत, मीच आणून लावलेत!

पाच-सहा वेळा कट् झालं असेल, तोच खोपीजवळ पांढरा झोत फिरायला लागला. मग दुसरा. बापूच्या बायकोची चांदीची वाटी सापडत नव्हती आणि दोघी जावा मोबाइलचे दिवे लावून गवत उपसत होत्या. मी ढिगावरून ओरडलो तर त्यांनी दिवे माझ्याकडे, म्हणजे नेमके कॅमेऱ्याच्या तोंडावर मारले. झाली का पंचाईत! हरभरा फुलात होता, त्याच्यातून जायची सोय नाही (अण्णांनी तंगडी मोडली असती), म्हणून बांधाबांधाने पळत गेलो. वाटी अलकाच्या पिशवीत निघाली. दिवे बंद करून वळतो, तर पश्चिमेच्या बांधावर एक पाहुणा मोटारसायकल लावून, तिचा दिवा तसाच ठेवून खाली उतरला होता. पेंढी बघायला आला होता बिचारा. त्याच्या हातापाया पडून दिवा घालवला आणि त्या बाजूच्या बांधाने धापा टाकत ढिगावर परत आलो.

बसतोय न बसतोय तोच खोपीतून एकच गलका झाला. दूध उतू गेलं होतं, आणि तेही उगवतीला. म्हणजे साल चांगलं. पाठोपाठ कडब्याचा जाळ भडकला आणि त्या उजेडात मला अण्णा दिसले, पेटलेली पेंढी हातात, धोतराचा काचा मारलेला, पळायच्या तयारीत. दोन वर्षं गुडघ्यामुळे त्यांना पेंढी फिरवता आली नव्हती. बापूने फिरवली होती. यंदा ते कुणाचं ऐकणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा अण्णा नव्हते, अश्विनी होती. मी पुन्हा बांधाने पळालो, त्यांच्यापुढे जाऊन हात पसरून उभा राहिलो.

"अण्णा, थोडं थांबा. तिकडे पृथ्वी फिरतीय."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ती रोजच फिरती की," ते म्हणाले. "येळवस वर्साला एकदाच येती. सर बाजूला."

मी बाजूला सरलो. आणि खरं सांगतो, एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस जाळ घेऊन पळायला लागला, तेव्हा मी कॅमेरा विसरून टाळ्या वाजवल्या. ओरडत, ठिणग्या उडवत तो निम्मा बांध गेला. मग गुडघ्याने दगा दिला. अण्णा थांबले, वाकले, आणि पेंढी त्यांनी जो सगळ्यात जवळ होता त्याच्या हातात दिली. जवळ मी होतो, कारण पडतील म्हणून मी मागे मागे पळत होतो.

"धर. फेरी मोडू देऊ नको, इजू देऊ नको. वरड मोठ्यानं!"

पेंढी मध्येच विझणं म्हणजे पिकाला अपशकुन. हे मी मानत नाही, पण अण्णांसमोर न मानायची माझी छाती नाही. तेव्हा ज्याला दोन तास मिट्ट काळोख पाहिजे होता, तो मी, पेटता जाळ डोक्यावर धरून, घसा ताणून ओरडत, माझ्याच कॅमेऱ्यासमोरून धावत निघालो. हाताला चटके बसत होते. स्वेटरला दोन भोकं पडली. खोपीपाशी फेरी पुरी केली तेव्हा सगळे खूश होते. अण्णा तर इतके खूश की त्यांनी मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा "शाब्बास" म्हटलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. ते आवरून उरलेला बांध चालत ढिगावर आलो.

कट्. कट्. कॅमेरा इमानाने काम करत होता. मी मनाची समजूत घातली, की जाळ जमिनीवर होता, तारे आभाळात आहेत. अजून तास-सव्वातास शिल्लक आहे. आता काही होणार नाही.

आठाला शेतीची लाईट आली.

ज्यांनी आमच्याकडे रात्रीचं पाणी धरलेलं नाही, त्यांना यातला घोळ कळायचा नाही. लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून शेडवरच्या बल्बचं बटण कायम चालू ठेवतात. बल्ब लागला की लाईट आली, मोटार चालू करायची. त्यामुळे लाईट येते तेव्हा एक बल्ब लागत नाही, शिवारातले सगळे लागतात. आमचा बल्ब शेडवर, म्हणजे माझ्या ध्रुवाच्या बरोबर खाली, ध्रुवापेक्षा दहा पट झळझळीत. मी उठलो, बांधाने पळालो, बटण बंद केलं आणि लगेच खोपीकडून परत फिरलो, कारण तिकडे पुन्हा कुणाचा तरी मोबाइल चमकला होता.

इकडे बापू ट्रॅक्टरशी होता. त्याने शेडकडे बघितलं, बल्ब गेलेला. म्हणजे लाईट गेली. तो निवांत तंबाखू मळत बसला. गव्हाला पाणी द्यायचं तसंच राहिलं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आजूबाजूच्या सगळ्या शेडांवर बल्ब आहेत, आपलाच नाही. फ्यूज उडाला समजून तो शेडमध्ये गेला, बटण बंद दिसलं, ते त्याने चालू केलं आणि मोटार लावली. मी ढिगावर पोचतो तर ध्रुवाखाली पुन्हा झगझगाट! परत पळालो. शेडपाशी दोघे भाऊ समोरासमोर आलो.

"दादा, बल कावून घालवलास? गहू वाळायलाय माझा!"

"बापू, सोमवारी पोरगी विचारणार आहे रे."

"मग तिलाच म्हण, ये पाणी धरायला!"

शेवटी मोटार चालू, बल्ब बंद, यावर मिटलं. त्या फेरीत पश्चिमेचा बांध बापूच्या पाटाच्या पाण्याने मऊ झाला होता. मी पोटरीपर्यंत चिखलात गेलो आणि एक चप्पल तिथेच राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे आता शेजारी आले. आमच्या पश्चिमेला किसनआबांचं शेत. आबा अण्णांच्याच वयाचे. त्यांच्या खोपीवर मंडळी जेवून बसली होती, आणि आमच्या हरभऱ्याभोवती काय चाललंय ते सगळ्यांना अंधारात दिसत होतं. त्यांना माणूस दिसत नव्हता. त्यांना दिसत होता एक दिवा, जो बांधाने जातो, वळसा घालतो, पुन्हा तिथेच येतो, आणि पुन्हा निघतो. तोही अमावस्येला. आबांनी तिसऱ्या फेरीला ओळखलं आणि चौथ्या फेरीला जाहीर केलं, की कुणाला तरी चकवा लागलाय. चकवा लागला की माणसाला वाट सापडत नाही, तो रात्रभर त्याच शेताभोवती घिरट्या घालतो आणि सकाळी बांधावर बेशुद्ध सापडतो, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. अशा माणसाला सोडवायला जाणं हे शेजारधर्माचं काम आहे.

तेव्हा सात-आठ माणसं, हातात मोठाल्या बॅटऱ्या, मागे वाटेवर दिवे लावलेला एक ट्रॅक्टर, असा सगळा लवाजमा आमच्या हरभऱ्याच्या टोकाला येऊन ठेपला. ढिगावरून मला वाटलं सूर्य उगवला. मी उठून हात हलवत, "बंद करा, दिवे बंद करा!" असं ओरडत त्यांच्याकडे पळालो. एका पायात चप्पल, स्वेटरला भोकं, कपाळाला कुंकू. त्यांची उरलीसुरली शंका तिथेच फिटली.

"बसवा, बसवा त्याला खाली," आबा म्हणाले.

दोघांनी मला धरून बांधावर बसवलं. मी सांगतोय, की मला चकवा नाही, मी फोटो काढतोय. आबांनी विचारलं, कशाचा? म्हणालो, पृथ्वी फिरण्याचा. आबांनी मागच्या मंडळींकडे बघून मान हलवली. चकव्यावर उतारा म्हणजे कपडे उलटे करून घालायचे. माझा स्वेटर काढून, उलटा करून मला परत घातला. पाच मिनिटं डोळे मिटून महादेवाचं नाव घ्यायला लावलं. तेवढा वेळ सगळ्या बॅटऱ्या माझ्या तोंडावर होत्या. मग माझी चप्पल शोधायला त्यांनी हरभऱ्यापासून गव्हापर्यंत सगळं रान उजळून काढलं. चप्पल सापडली नाही. आबा मला हाताला धरून खोपीपर्यंत सोडायला आले आणि अलकाला म्हणाले, की पोरी, मास्तरला आज एकटं सोडू नको. अलकाने पदर तोंडात धरून "हो" म्हटलं. तिथून शेवटचा बांध मी चालत गेलो आणि कॅमेरा बंद केला.

आम्ही गावातल्या घरी आलो. पाय धुतले, लॅपटॉप उघडला, केतकीला फोन लावला आणि ती सांगेल तसं सगळे फोटो एकावर एक रचले. अलका, बापू, त्याची बायको आणि अण्णा माझ्या पाठीमागे येऊन बसले. पडद्यावर हळूहळू चित्र उमटायला लागलं. वर ध्रुव जागच्या जागी, आणि त्याच्याभोवती शेकडो रेघा, एकीत एक, तव्यावर ओतलेल्या धिरड्यासारख्या सुरेख गोल. मी हे सव्वीस वर्षं फळ्यावर काढत होतो, पण खरं आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. माझे डोळे भरून आले. अण्णा नुसते "आयला" म्हणाले.

मग चित्राचा खालचा भाग उमटला. हरभऱ्याभोवती पेंढीचं सोनेरी कडं, तेही देखणंच होतं. कोपऱ्यात आबांच्या मंडळींचा उजेडाचा गोळा. आणि या सगळ्यावरून, दोन एकरांभोवती, कुणीतरी चुन्यात बोट बुडवून वेड्यासारख्या वळकट्या काढाव्यात तशी एक पांढरी रेघ. वर-खाली उड्या मारणारी, जाडजूड, वळसे घेत घेत ढिगापर्यंत येणारी. माझा पारा चढला.

"हे कोण बॅटरी घेऊन फिरत होतं दोन तास? मी घसा फोडून सांगत होतो, तरी? बापू, तू? का तुझी बायको?"

बापू छताकडे बघायला लागला. शेवटी अलका म्हणाली, "अहो, जरा कपाळाला हात लावा."

मी लावला. बॅटरी अजून तिथेच होती. चालूही होती. इतका वेळ लॅपटॉपच्या पडद्यावर पडलेला गोल उजेड मी चंद्राचा समजत होतो (अमावस्येला!). अख्ख्या शिवारात उजेड बंद करत फिरणारा मी एकटाच असा होतो, ज्याचा उजेड एकदाही बंद झाला नव्हता.

केतकी म्हणाली, खालचा भाग कापून टाका बाबा, वरचा तर पहिल्याच वेळी फार छान आलाय. मीही तेच ठरवलं होतं. पण अण्णा फोटोतल्या सोनेरी कड्यावरून बोट फिरवत बसले होते, आणि त्यांचं अर्धं कुठे संपलं नि माझं कुठे सुरू झालं ते बापूला दाखवत होते. कापायला माझा हात धजेना.

सोमवारी वर्गात अख्खा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. कुणी काढला, कुठे काढला, किती वेळ काढला, सगळं सांगितलं. पांढऱ्या रेघेचंही सांगितलं, कारण अश्विनीने तेच पहिलं विचारलं. पाच मिनिटं वर्ग नुसता हसत होता आणि मी खडूचे तुकडे गोळा करत होतो. हसून झाल्यावर त्यांनी कामाला हात घातला. कोनमापक लावून ताऱ्यांच्या रेघा मोजल्या. तीस अंश भरले. दोन तासांत तीस अंश, म्हणजे पूर्ण फेरीचा बारावा भाग, अगदी पुस्तकात आहे तसं. "पटलं, सर," अश्विनी म्हणाली. त्या एका शब्दासाठी मी चप्पल गमावली होती, पण तिची किंमत वसूल झाली असं मला वाटलं.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. अश्विनीने निरीक्षण नीट लिहिलं होतं: दोन तासांत पृथ्वीने एका फेरीचा बारावा भाग पूर्ण केला, तेवढ्याच वेळात सरांनी हरभऱ्याभोवती पाच फेऱ्या पूर्ण केल्या. खाली गणित मांडलं होतं. त्याखाली निष्कर्ष: पृथ्वी फिरते, पण सर तिच्या साठपट फिरतात.

मी ते गणित दोनदा करून पाहिलं. चूक सापडेना. मुकाट्याने लाल पेन उचललं आणि दहापैकी दहा दिले.